खडूचा नकाशा

कार्तिकात काशीच्या पंचगंगा घाटाच्या पायऱ्या सकाळी सहाला इतक्या गार असतात की मांडी घातली की गारवा आधी गुडघ्यांत शिरतो. अशाच एका पायरीवर मी खडूने गंगा काढत होते. नदीकडे तोंड केलं की उजव्या हाताला, वरच्या अंगाला, रामनगरचा किल्ला. डाव्या हाताला, खालच्या अंगाला, मालवीय पूल. मधल्या सात किलोमीटरांसाठी मी दोन समांतर रेघा ओढल्या. अलीकडच्या रेघेवर घाटांच्या खुणा केल्या, पलीकडच्या रेघेबाहेर 'रेती' असं लिहिलं. बाकीचा नकाशा नावाड्यांनी भरायचा होता : मासे कुठे, डोह कुठे, सूंस, म्हणजे गंगेतली डॉल्फिन, कुठे वर येते, कासव कुठे दिसतं.

घाटावरचे जुने नावाडी, चाचा, मागे उभे राहून बघत होते. त्यांनी तोंडातली कडुलिंबाची काडी काढली, अनवाणी टाचेने माझी पलीकडची रेघ पुसली आणि म्हणाले, "ई त सड़क हौ, बिटिया. नदी कहाँ हौ?"

मी खडू पुढे केला. त्यांनी तो घेतला नाही. वाकून बोट पाण्यात बुडवलं आणि दगडावर एक ओली कोर काढली, चतुर्थीच्या चंद्रासारखी. तिच्या आत दुसरी, तिच्या आत तिसरी. चैतातलं पाणी, कार्तिकातलं पाणी, भादव्यातलं पाणी. मी वही काढेपर्यंत पहिली कोर वाळून गेली होती. चाचा हसले. "देखा? पानी उतर गयल."

ही २०१४ सालची गोष्ट. तो नकाशा पुरा व्हायला साडेपाच वर्षं लागली. पुरा झाला तेव्हा ज्याचा नकाशा काढायचा होता ते अभयारण्यच तिथे उरलं नव्हतं.

मी चिपळूणची. या कामात आले ती वेळासमुळे. मंडणगड तालुक्यातल्या या गावी २००२ साली आमच्या चिपळूणच्याच सह्याद्री निसर्ग मित्र या संस्थेच्या भाऊ काटदरे आणि त्यांच्या सोबत्यांना किनाऱ्यावर ऑलिव्ह रिडले कासवांची उकरून नेलेली घरटी दिसली आणि कामाला सुरुवात झाली. २००६ पासून तिथे कासव महोत्सव भरू लागला. कॉलेजात असताना मी तिथे सुट्टीत राबायला जायची. पुढे पुण्याच्या एका लहानशा संस्थेत नोकरी लागली. संस्थेने नदीकाठच्या संरक्षित क्षेत्रांत स्थानिकांचा सहभाग किती, याच्या नोंदींचं काम घेतलं. यादीत 'वाराणसी, कासव' असं दिसल्यावर सगळ्यांच्या माना माझ्याकडे वळल्या.

राहायची सोय झाली मंगला गौरीपाशी, एका मराठी घरात. आपल्याकडे मंगळागौर म्हणजे श्रावणातला मंगळवार, पत्री, झिम्मा-फुगड्या आणि रात्रीचं जागरण. काशीत ती देवळातली देवी आहे, आणि तिच्या नावाची वस्तीही आहे. देवळापासून अरुंद, चढ्या पायऱ्या घाटाकडे उतरतात. शेजारी बालाजीचं देऊळ, जिथे बिस्मिल्ला खाँ सनईचा रियाज करायचे. खाली पंचगंगा. तिथे गंगेला यमुना, सरस्वती, किरणा आणि धूतपापा मिळतात असं मानतात, डोळ्यांना मात्र एकटी गंगाच दिसते. घाटावर अहिल्याबाई होळकरांच्या नावाने ओळखला जाणारा दगडी दीपस्तंभ आहे, हजारा. वर औंधच्या पंतप्रतिनिधींनी बांधलेलं बिंदुमाधवाचं देऊळ. लगतच दुर्गाघाट आणि ब्रह्माघाट, पेशवाईपासूनची मराठी वस्ती. एकनाथांचं भागवत पुरं झालं तेही काशीतच.

घरच्या आजी ऐंशीच्या पुढच्या. जन्म ब्रह्माघाटावरचा, सासर मंगला गौरीचं. आयुष्य दोन घाटांच्या अंतरात गेलेलं. त्यांचं मराठी जुनं, घोटीव, आणि मध्येच "अरे हट" म्हणून हिंदीत शिरणारं. मी वेळासचं नाव काढलं तशा त्या एकदम सरसावल्या. "नानांचं वेळास? फडणवीसांचं? मग तू आमच्याच मोहल्ल्यातली की गं!" मी चिपळूणची, हे त्यांनी शेवटपर्यंत मनावर घेतलं नाही.

पण मी अभयारण्याचं काम करायला आलेय म्हटल्यावर त्या बघतच राहिल्या. "कुठलं अभयारण्य? इथे वाघ आहेत होय?"

साठ वर्षं त्यांच्या खिडकीतून गंगा दिसत होती, आणि त्यातली पंचवीस वर्षं ती गंगा कायद्याने अभयारण्य होती. रामनगरचा किल्ला ते मालवीय पूल हा सात किलोमीटरचा पट्टा १९८९ साली कासवांसाठी राखीव झाला होता. गोड्या पाण्यातल्या कासवांसाठीचं हे देशातलं पहिलंच अभयारण्य. त्यामागची कल्पना मोठी चतुर होती. १९८६ साली याच शहरात गंगा कृती योजनेचा प्रारंभ झाला. मणिकर्णिका आणि हरिश्चंद्र घाटांवरून अर्धवट जळलेली प्रेतं पाण्यात जातात, त्यांचं काय करायचं, हा प्रश्न होता. उत्तर सापडलं मऊ पाठीच्या मांसाहारी कासवांत. चंबळ-यमुनेच्या पट्ट्यातून अंडी आणायची, सारनाथच्या केंद्रात पिल्लं वाढवायची आणि ती गंगेत सोडायची. कासवांना अंडी घालायला वाळू लागते, म्हणून पलीकडच्या तीरावरचा वाळूउपसा बंद. कासवं जाळ्यात अडकतात, म्हणून मासेमारी बंद.

कागदावर सगळं जागच्या जागी होतं. त्या पट्ट्यावर घाटांची ती रांग होती, लाखो यात्रेकरू होते, हजारो नावा होत्या. आणि तिथे पिढ्यान्‌पिढ्या पाण्यावर जगणारे मल्लाह, म्हणजे निषाद, मांझी, होते.

माझ्याकडे एक छापील तक्ता होता. त्यातला एक रकाना 'स्थानिक सहभाग : आहे / नाही.' पहिल्या हिवाळ्यात मी तो घेऊन घाटोघाट हिंडले. "अभयारण्याच्या कामात तुमचा सहभाग आहे का?" सगळे म्हणायचे, आहे. महिन्याभरात माझे तक्ते भरले आणि टक्केवारी इतकी झकास आली की माझी मलाच शंका आली. शेवटी एका तरुण नावाड्याला विचारलं, सहभाग म्हणजे तू नेमकं काय करतोस? तो म्हणाला, एकदा बोलावलं होतं. चहा होता, समोसा होता. वहीत सही केली. फोटो काढला.

"आणि तू काय बोललास?"

"बोलना भी था?"

त्याच्या मते जे झालं होतं त्याला सहभागच म्हणतात, आणि माझ्या तक्त्याचंही तेच मत होतं. त्या रात्री मी तक्ते पेटीत टाकले, दुसऱ्या दिवशी कोपऱ्यावरच्या दुकानातून खडूचा डबा घेतला आणि घाटावर जाऊन बसले.

खडूने लोक येतात, हे वेळासला शिकले होते. रंगीत छापलेल्या नकाशाकडे माणसं लांबून बघतात. जमिनीवरचा नकाशा चुकलेला दिसला की त्यांना राहवत नाही. चाचांनाही राहवलं नव्हतं.

चाचा सत्तरीचे. खांदे अजून वल्हेकऱ्याचे, पण नाव आता मुलगा चालवायचा, आणि ती डिझेलवर चाले. त्या आवाजाचा चाचांना मनस्वी राग. त्यांच्याबरोबर हिंडायचं म्हणजे पहाटे, वल्ह्यांची जुनी नाव घेऊन. ते हातातला बांबू, लग्गी म्हणतात तो, तळाला टेकवत आणि तो टेकतानाच्या आवाजावरून सांगत, खाली वाळू आहे, चिखल आहे की दगड.

नदीचे कायदे मी त्यांच्याकडून ऐकले. ते कुठे छापलेले नाहीत. कुठल्या घाटावर कोणत्या घराची घटवारी, हे ठरलेलं. यात्रेकरू आला की कोणाची पाळी, तेही ठरलेलं. बापाच्या पाळ्या मुलांत वाटल्या जातात, आजारी माणसाची पाळी भाऊबंद चालवतो. भांडण झालं तर बिरादरी बसते. कोणी दुसऱ्याच्या घाटावरून सवारी उचलली तर दंड होतो, आणि तो भरला जातो. मी निवाडे विचारत गेले आणि वहीची चाळीस पानं भरली. ज्यांना या पट्ट्याच्या व्यवस्थापनात कुठेच जागा नव्हती ती माणसं रोज, कोणी न सांगता, नदीचं व्यवस्थापनच करत होती. फक्त त्याला ते नाव नव्हतं.

पलीकडच्या रेतीचं मात्र दुखणं होतं. चाचा सांगायचे, पूर्वी पाणी उतरलं की वाळूत खड्डे घ्यायचे, शेणखत घालायचं. ककडी, खरबुजं, परवल. उन्हाळ्यात यात्रा ओसरते, नावा रिकाम्या राहतात, तेव्हा ही वाळू त्यांची घरं चालवायची. वाळू भरलेल्या नावाही तिथूनच सुटायच्या. सेंचुरी, म्हणजे अभयारण्य, आली आणि हे सगळं एका दमात बेकायदा झालं. "पूछा किसी ने नहीं. बोर्ड लगा दिया." मासे मात्र लोक धरत राहिले, रात्री, दिवा न लावता.

"आणि कासवं?"

चाचांनी सगळ्या जाती सांगितल्या. सुंदरी, कटहवा. कुठलं चावरं, कुठलं गरीब. सारनाथहून पेट्या भरून पिल्लं यायची आणि पाहुणे ती पाण्यात सोडायचे, हेही त्यांनी पाहिलं होतं. पुढे? "छोड़ने सब आते हैं. गिनने कोई नहीं आता."

मोजायला कोणी येत नाही. मला तिथल्या तिथे वेळासची टोपली आठवली. वेळासला कासवाची अंडी घरट्यातून काढून कुंपणातल्या खड्ड्यांत पुरतात आणि वर एक वेताची टोपली पालथी घालतात. साधारण पन्नास दिवसांनी पिल्लं वर येतात. रोज सकाळी आणि संध्याकाळी गावातला एक माणूस येतो, उकिडवा बसतो, आणि एकेक टोपली उचलून बघतो. बहुतेक वेळा खाली नुसती वाळू असते. मग एखाद्या दिवशी वाळू हलते. एक काळं नाक, एक वल्ह्यासारखा पाय. तो माणूस पिल्लं मोजतो, वहीत लिहितो, गर्दीला मागे सारतो आणि त्यांना समुद्राकडे तोंड करून सोडतो. तिथल्या कासवमित्रांत असेही लोक होते ज्यांनी एके काळी अंडी उकरलेली होती. घरटं कुठे असणार हे त्यांच्याइतकं कोणालाच कळत नव्हतं. पहाटे किनाऱ्यावर उमटलेली रांगल्याची रेघ ते आधीही वाचत होते आणि नंतरही. फरक इतकाच पडला की वही त्यांच्या हातात आली. पर्यटक आले, घरोघरी पानं वाढली जाऊ लागली, मोदकांना गिऱ्हाईक मिळालं, हे खरं. पण हा पैसा नंतरचा. वेळासचा माणूस "यंदा माझ्याकडे इतकी घरटी" असं म्हणतो. काशीत अभयारण्याला पंचवीस वर्षं झाली होती, पण एकाही मल्लाहाला कासवांबद्दल "माझ्याकडे" म्हणताना मी ऐकलं नाही.

हे सगळं मी पुण्याला कळवलं. अहवाल चांगला झाला, सगळे म्हणाले. त्या अहवालातच माझी चूक होती.

पहिल्या हिवाळ्याच्या शेवटी, २०१५ च्या फाल्गुनात, आम्ही पायरीवरचा नकाशा कागदावर उतरवला. डोह, सूंस दिसण्याच्या जागा, घाटांच्या पाळ्या, आणि रात्री जाळी कुठे पडतात तेही. लोकांनी विश्वासाने सांगितलं होतं, मी विश्वासानेच लिहिलं. हेतू चांगला होता : मासेमारी अजून चालते, म्हणून ती चोरून करायला लावण्यापेक्षा तिचे नियम लोकांबरोबर बसून ठरवावेत, असं मला मांडायचं होतं. नकाशा अहवालात छापला. अहवाल फिरला, कुठल्या कुठल्या टेबलांवर गेला. ज्येष्ठात चाचांच्या पुतण्याचा फोन आला. दोन रात्री लागोपाठ माणसं आली होती, बरोबर त्याच जागी. जाळी गेली. दोघांना दिवसभर बसवून ठेवलं. त्या नकाशावरूनच आले का, हे मी सिद्ध करू शकत नव्हते. मल्लाहांना सिद्ध करायची गरज नव्हती.

मी फोन केला. चाचांनी घेतला, माझा आवाज ऐकला आणि ठेवला. पुढचं वर्षभर घेतलाच नाही.

त्या वर्षात मी स्वतःशी पुष्कळ वाद घातले. जाळ्यात कासवं गुदमरतात, हे खोटं नव्हतं. ती बाजारात विकली जातात, हेही मला माहीत होतं; सगळे मल्लाह कासवांचे कैवारी नव्हते, आणि तसं चित्र मी रंगवलंही नव्हतं. मग कायद्याप्रमाणे जाळी गेली तर माझी चूक काय? उत्तर सुचायला वेळ लागला. लोकांनी माहिती देताना ती कुठे जाणार हे ठरवायचा हक्क मी त्यांना दिलाच नव्हता. वहीत सही घेणारे आणि मी, दोघांनी त्यांना बोलावून घेतलं होतं. फरक इतकाच की मी समोसा दिला नव्हता. सांगण्यात सहभाग असतो तसा न सांगण्यातही असतो. "हे तुझ्या कागदावर जाणार नाही" असं म्हणायची मुभा ज्याला नाही, त्याचं "हो" कशाला मोजायचं?

२०१६ च्या श्रावणात मी पुन्हा काशीला गेले, कामासाठी नव्हे. आजींच्या नातसुनेची पहिली मंगळागौर होती. दिवसा देवीच्या देवळात रांग, रात्री घरात पत्रीचा ढीग, आणि दुर्गाघाट-ब्रह्माघाटावरच्या नऊवारीतल्या बायका बनारसी हेल काढत फुगड्या घालताहेत. खाली गंगा घाटांच्या पायऱ्या गिळून वर आली होती. खिडकीतून बघितलं तर चाचांचा मुलगा नाव थेट बालाजीच्या पायऱ्यांना बांधत होता.

आजींना जाळ्यांची हकिगत मी सांगितली नव्हती. मोहल्ल्यात सगळ्यांना ठाऊक होती. त्यांनी पुरणपोळीचा डबा माझ्या हातात ठेवला. "जा, देऊन ये. आणि बोलू नकोस काही."

चाचांच्या घरी गेले. त्यांनी डबा घेतला, उघडून बघितला, झाकला. मी बोलले नाही. तेही बोलले नाहीत. निघताना म्हणाले, "पानी उतरे तब आना."

कार्तिकात गेले. घाटावर पुराचा गाळ साचलेला, पंपाच्या फवाऱ्याने पायऱ्या धुणं चाललेलं. माझी पायरी अजून गाळाखाली होती. आम्ही वरच्या पायरीवर बसलो. बांबूंवर आकाशदीप चढले होते; संध्याकाळ झाली की टोपल्यांत दिवे ठेवून दोरीने वर ओढतात, पितरांना वाट दिसावी म्हणून. चाचांनी अटी घातल्या. नकाशा पहिल्यांदा घाटावर दाखवायचा, मग पुण्याला. ज्या जागेवर बिरादरी नको म्हणेल ती त्यावर नसेल. आणि एक प्रत इथे राहील. मी मान्य केलं. पुण्याच्या ऑफिसला हे पटवायला मला आणखी चार महिने लागले.

मग काम हळूहळू झालं, जसं व्हायला हवं होतं तसं. याच सुमारास गंगेकाठी गंगा प्रहरी तयार होऊ लागले होते. भारतीय वन्यजीव संस्था आणि नमामि गंगे यांच्या प्रकल्पात काठावरच्याच स्त्री-पुरुषांना सूंस, कासवं, पक्षी ओळखायला आणि नोंदवायला शिकवायचे. चाचांचा पुतण्या, तोच जाळीवाला, मला विचारायला आला, यात पडू का? मी म्हटलं, वही तुझ्या हातात देताहेत का बघ. देत असतील तर पड.

एका पहाटे चाचा मला पलीकडे घेऊन गेले. कुठे ते लिहीत नाही. रेतीच्या उंचवट्यावर एक उकरलेला खड्डा होता, कुत्र्यांनी किंवा कोल्ह्याने. आजूबाजूला पांढरे तुकडे पडले होते. चाचांनी एक उचलून माझ्या तळहातावर ठेवला. वेळासच्या कासवाचं अंडं मऊ असतं, चामड्यासारखं; बोटाने दाबलं तर खळी पडते. हे टरफल कडक होतं, ठिसूळ. दाबताच कुरकुरलं आणि बोटांना पांढरी भुकटी लागली. अगदी माझ्या खडूसारखी.

"अंडा दिया है," चाचा म्हणाले. "अपने मन से." सारनाथच्या पेटीतून आलेल्या कासवाने की गंगेच्या मूळच्या, हे कोण सांगणार! पण पंचवीस वर्षांत ज्याच्यासाठी बोर्ड लागले, वाळू बंद झाली, खरबुजं गेली, ते त्या खड्ड्यात एकदाचं दिसत होतं.

"हे नकाशावर घालायचं?" मी विचारलं.

त्यांनी मान हलवली. नाही. मग थोडं थांबून म्हणाले, कागदावर आलं की लोक येतील. काही वाचवायला, काही उकरायला. दोघांचे पाय सारखेच.

२०२० च्या मार्चमध्ये ते अभयारण्य रद्द झालं. त्याआधी बरंच काही घडत गेलं होतं. हल्दियापर्यंतच्या राष्ट्रीय जलमार्गाचं काम, २०१८ च्या नोव्हेंबरात रामनगरला झालेलं मालवाहतुकीचं टर्मिनल, आणि या गजबजलेल्या पट्ट्यात कासवांचं भागणार नाही, त्यांच्यासाठी दुसरी जागा बघा, हे तज्ज्ञांचं म्हणणं. प्रयागराज, मिर्झापूर आणि भदोही जिल्ह्यांत गंगेचा तीस किलोमीटरचा पट्टा नवं अभयारण्य झाला. कासवांच्या दृष्टीने हा निर्णय बरोबर असेलही. गजबज मी डोळ्यांनी पाहिली होती. लॉकडाऊनमध्ये अडकलेली मी ही बातमी वाचली आणि चाचांना फोन लावला. घाट सुने होते, नावा उलट्या घातलेल्या. मी म्हटलं, "चाचा, सेंचुरी हट गई."

पलीकडून खोकला आला, मग हसू. "हट गई? बिटिया, लगी कब थी?"

त्यांना न विचारता आखलेलं त्यांना न विचारताच पुसलं गेलं. लोक एखाद्या बंधनाला विरोध करतात तेव्हा आपल्याला वाटतं, ते गेल्यावर त्यांना आनंद होईल. चाचांना आनंद झाला नाही. सेंचुरीने त्यांची वाळू घेतली होती, पण तिच्या निमित्ताने इतरांनाही तिथे येता येत नव्हतं. पुढच्याच वर्षी समोरच्या रेतीत पाच किलोमीटरहून लांब कालवा खोदला गेला आणि पावसाळ्यात गंगेने तो बुजवला. २०२३ च्या सुरुवातीला तिथे तंबूंचं शहर उभं राहिलं. त्यावर हरित लवादाकडे तक्रारी गेल्या. खरबुजं काही परत आली नाहीत. पुतण्याची नाव आता सीएनजीवर चालते, आवाज कमी झालाय. चाचांना तेवढं एक बरं वाटतं.

कायद्यात दुसरी वाट नव्हती असं नाही. वन्यजीव कायद्यानेच अभयारण्य करताना जिल्हाधिकाऱ्यांनी लोकांचे हक्क तपासायचे असतात. २००२ च्या दुरुस्तीने संवर्धन राखीव आणि सामुदायिक राखीव अशा दोन नव्या चौकटी दिल्या. संवर्धन राखीव करताना तर काठच्या लोकांशी बोलल्याशिवाय पुढे जाता येत नाही. आपल्याकडे गडचिरोलीतल्या मेंढा गावाने २००९ साली वनहक्क कायद्याखाली आपल्या जंगलावरचा सामूहिक हक्क मिळवला, तोही आधी अनेक वर्षं अभ्यास गट चालवून, सर्वसहमतीने निर्णय घ्यायची सवय लावून. जंगलाला गावाची शीव असते, ग्रामसभा असते. गंगेवरच्या मल्लाहाची शीव पाण्यातून जाते आणि चैतात एका जागी, भादव्यात दुसऱ्या जागी असते. त्याची ग्रामसभा म्हणजे बिरादरी, आणि ती कुठल्याच कायद्यात नाही. नव्या अभयारण्याच्या काठावरही मल्लाहांचीच गावं आहेत. तिथे कोणी तरी खडू घेऊन बसलं असेल, अशी आशा आहे.

गेल्या कार्तिकात मी पुन्हा गेले होते. आजी आता अंथरुणाला खिळल्या आहेत. खिडकीचा पडदा मात्र सरकवून ठेवायला लावतात. मी शेजारी बसले तर म्हणाल्या, "तुझी कासवं काय म्हणतात?" तुझी, म्हणाल्या. मी म्हटलं, माझी नाहीत आजी, खालच्यांची आहेत.

चाचांकडची नकाशाची प्रत एका जुन्या कॅलेंडरच्या मागे, सुतळीने बांधलेल्या गुंडाळीत आहे. पुतण्याने ती उलगडून दाखवली. त्यावर कोर बरोबर आहे, डोह बरोबर आहेत, घाटांच्या पाळ्या आहेत; दोन घरांतल्या वाटणीने बदललेल्या पाळ्या त्याने स्वतः पेनने दुरुस्त केल्या आहेत. त्याची नोंदवही शेजारी होती. त्या महिन्यातल्या सूंस, तारीखवार. पलीकडच्या रेतीवर एका ठिकाणी काहीच लिहिलेलं नाही, इतर रेतीवर लिहिलेलं नाही तसंच. तिथे बोट ठेवून मी त्याच्याकडे पाहिलं.

"इस साल भी," तो म्हणाला आणि नकाशा गुंडाळायला लागला.